पनामा पेपर्स खटला: एक कोटीहून अधिक कागद आणि न काढलेला हॅश

२८ जून २०२४ रोजी पनामा सिटीत न्यायाधीश बालोइसा मार्किनेस यांनी मनी लाँडरिंगच्या खटल्यात २८ जणांची निर्दोष मुक्तता केली. गिऱ्हाइकांना परदेशांत कागदी कंपन्या काढून देणाऱ्या ‘मोसॅक फोन्सेका’ या वकिली फर्मचे संस्थापक युर्गेन मोसॅक त्यांत होते. याच फर्मचे फुटलेले कागद म्हणजे ‘पनामा पेपर्स’. दुसरे संस्थापक रामोन फोन्सेका निकाल ऐकायला नव्हते. ते मे महिन्यातच रुग्णालयात वारले होते. सरकारी पक्षाने मोसॅक यांच्यासाठी १२ वर्षांची कैद मागितली होती. पनामाच्या दंडसंहितेत या गुन्ह्याला ५ ते १२ वर्षे शिक्षा आहे, म्हणजे मागणी कमाल शिक्षेची होती. सुनावणी एप्रिल २०२४ मध्ये झाली. ८५ तास कामकाज चालले, २७ साक्षीदार तपासले गेले आणि ५० हून अधिक कागदोपत्री पुरावे दाखल झाले.

‘एवढे कागद जगासमोर असताना आरोपी सुटले कसे?’ हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनीच विचारला. पण तो प्रश्न ज्या कागदांबद्दल होता, ते आणि न्यायालयासमोर मुख्य पुरावा म्हणून आले ते कागद एक नव्हते.

कागदांचे दोन ढीग

पहिला ढीग गळतीचा. २०१५ मध्ये ‘जॉन डो’ असे टोपणनाव घेतलेल्या व्यक्तीने म्युनिकच्या ‘झ्यूडडॉइचे त्सायटुंग’ या दैनिकाकडे फर्मचा अंतर्गत डेटा पाठवायला सुरुवात केली. सुमारे १ कोटी १५ लाख दस्तऐवज, २.६ टेराबाइट, २,१४,४८८ कंपन्या व ट्रस्ट. शोध पत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेमार्फत ३७० हून अधिक पत्रकारांनी ते वर्षभर चाळले आणि ३ एप्रिल २०१६ रोजी बातम्या फुटल्या.

दुसरा ढीग छाप्याचा. बातम्यांनंतर नऊ दिवसांनी, १२ एप्रिल २०१६ रोजी, पनामाच्या सरकारी वकिलांनी पोलिसांसह फर्मच्या मुख्यालयावर छापा घातला. तिथल्या सर्व्हरमधून जो डेटा काढला तो हा.

निकालाने मुख्यतः हा दुसरा ढीग बाजूला सारला. न्यायाधीशांचे म्हणणे असे: फर्मच्या सर्व्हरमधून मिळवलेल्या डिजिटल पुराव्याची ताबा-साखळी (तो कुणाच्या हातून कुणाकडे गेला याची सलग नोंद) पाळलेली नाही, डिजिटल पुराव्याला लागू असलेली तत्त्वेही पाळलेली नाहीत, हॅश, म्हणजे डेटाचा आकड्या-अक्षरांतला ठसा, नसल्यामुळे हा डेटा अस्सल आहे आणि अखंड आहे याची खात्री देता येत नाही. उरलेला पुरावा आरोपींची फौजदारी जबाबदारी ठरवण्याइतका पुरेसा आणि निर्णायक नाही. याच खटल्यात जोडलेल्या ‘लावा जातो’ या ब्राझीलमधल्या लाचखोरीच्या प्रकरणापुरते त्यांनी आणखी एक म्हटले: ब्राझीलमधला बेकायदा पैसा लपवण्याच्या हेतूने पनामाच्या वित्तव्यवस्थेत आला, हे सिद्ध झालेले नाही.

म्हणजे पुराव्याची इमारत तीन ठिकाणी ढासळली. कागदाचा अस्सलपणा, पैशाचा माग आणि व्यक्तीची जबाबदारी. बातम्यांनी पहिले कारण उचलले, कारण ते तांत्रिक आणि म्हणून चमत्कारिक वाटते. आमच्या मते उरलेली दोन तितकीच जड आहेत. पण आधी हॅश.

हॅश म्हणजे काय, आणि तो कधी काढायचा

हॅश हा फाइलचा किंवा अख्ख्या डिस्कचा आकड्या-अक्षरांतला ठसा. एसएचए-२५६ या पद्धतीने काढला तर तो कायम ६४ चिन्हांचा येतो, मग फाइल एका ओळीची असो वा चार टेराबाइटची. आत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी पूर्ण ठसा बदलतो. ठशावरून मूळ मजकूर काढता येत नाही. जप्तीच्या दिवशीचा ठसा आणि कोर्टात डिस्क उघडतानाचा ठसा जुळला, तर मधल्या आठ वर्षांत कुणी आत हात घातला नाही हे गणिताने दाखवता येते. जुळला नाही, किंवा पहिला ठसाच नसला, तर तेच दाखवायला माणसांच्या शब्दावर अवलंबून राहावे लागते. ती माणसे तोवर बदली होऊन गेलेली असतात, निवृत्त झालेली असतात, किंवा ‘नक्की आठवत नाही’ म्हणतात.

योग्य क्रम असा. बंद डिस्क असेल तर ती राइट ब्लॉकरला जोडायची, म्हणजे वाचता येते, लिहिता येत नाही. मग फाइली कॉपी-पेस्ट न करता बिट-बाय-बिट प्रतिमा घ्यायची. मूळ डिस्कचा आणि प्रतिमेचा हॅश जागेवरच काढायचा आणि दोन्ही ठसे पंचनाम्यात हाताने किंवा छापून लिहायचे. सोबत डिस्कचा मेक, मॉडेल, सीरियल नंबर, वेळ, वापरलेल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती. पंच, अधिकारी आणि ज्याच्याकडून जप्ती झाली त्याची सही. मूळ डिस्क सीलबंद, एक प्रत तपासाला, एक राखीव. पुढे पाकीट ज्या ज्या हातातून जाईल त्याची नोंद: कुणी दिले, कुणी घेतले, कधी, सील शाबूत होते का.

याला वेळ लागतो, आणि खरी अडचण तिथेच असते. साधी हार्ड डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने वाचली जाते असे धरले, तर चार टेराबाइटची एक डिस्क एकदा वाचायला साधारण साडेसात तास जातात. पडताळणीसाठी पुन्हा तेवढेच. छाप्याला आलेल्या पथकाला संध्याकाळी परतायचे असते. मग ‘हॅश लॅबमध्ये काढू’ असे ठरते आणि पुराव्याला पहिली भेग तिथे पडते. लॅबमध्ये तीन आठवड्यांनी काढलेला हॅश फक्त त्या दिवसापासूनची अखंडता सिद्ध करतो. आधीच्या तीन आठवड्यांबद्दल तो काहीच सांगत नाही. वरातीमागून घोडे.

चालू सर्व्हर असेल तर प्रकरण आणखी अवघड. वकिली फर्मचा ईमेल सर्व्हर क्षणाक्षणाला बदलत असतो, त्यामुळे मूळ डिस्कचा दोनदा सारखा हॅश येणे शक्यच नसते. अशा वेळी आभासी यंत्राचा स्नॅपशॉट घेऊन त्या निर्यात केलेल्या फाइलचा हॅश काढतात आणि स्नॅपशॉट कुणी, कोणत्या खात्यातून, किती वाजता घेतला ते लिहून ठेवतात. रेड पद्धतीच्या, म्हणजे एकच डेटा अनेक डिस्कवर विभागून ठेवणाऱ्या, डिस्क सुट्या करून नेल्या तर त्यांचा क्रम आणि कंट्रोलरची मांडणी नोंदवावी लागते. नाहीतर लॅबमध्ये त्या पुन्हा जोडताना काय जोडले यावरच वाद उभा राहतो. हमखास होणाऱ्या चुका अगदी साध्या असतात. कुणीतरी कुतूहलाने संगणक चालू करतो आणि शेकडो फाइलींच्या तारखा बदलतात. हॅशची यादी त्याच डिस्कवर ठेवली जाते, म्हणजे चोराच्या हातीच तिजोरीची किल्ली. पाकिटावर ‘हार्ड डिस्क, १ नग’ एवढेच लिहिले जाते. जुन्या एमडी५ पद्धतीवर भिस्त ठेवली जाते. तिच्यात दोन वेगळ्या फाइलींचा एकच ठसा बनवता येतो हे २००४ पासून माहीत आहे, आणि एसएचए-१ बद्दल तेच २०१७ मध्ये दाखवले गेले. म्हणून आता एसएचए-२५६ धरतात, किंवा दोन पद्धती सोबत वापरतात.

इथे एक बारकावा आहे. हॅश नाही म्हणजे डेटा खोटा, असे न्यायालय म्हणत नाही. फौजदारी खटल्यात तसे म्हणण्याची गरजही नसते. अस्सलपणा सिद्ध करण्याचा भार सरकारी पक्षावर असतो. बचाव पक्षाला नेमकी कोणती फाइल बदलली हे दाखवावे लागत नाही. त्यातून या प्रकरणात बचाव पक्षाच्या बाजूने एक आयती गोष्ट होती. फर्म पहिल्या दिवसापासून सांगत होती की आमच्या सर्व्हरमध्ये बाहेरून घुसखोरी झाली. घुसखोरी झालेल्या सर्व्हरवरच्या डेटाला जप्तीच्या क्षणी कुलूप लावणे नेहमीपेक्षा जास्त गरजेचे होते.

पैसा आणि माणूस

समजा, सगळे हॅश जुळले असते. खटला जिंकता आला असता का? आम्हाला तसे वाटत नाही, आणि कारण धंद्याच्या रचनेत आहे.

मोसॅक फोन्सेका कंपन्या घाऊक बनवत असे. गिऱ्हाईक बहुतेक वेळा पैशाचा मालक नसे. त्याची बँक, वकील किंवा लेखापाल असे. गळतीत अशा १४,००० हून अधिक मध्यस्थांची नावे निघाली. निम्म्याहून जास्त कंपन्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये नोंदलेल्या. संचालक नामधारी, ज्यांचे काम सही करणे. पैसा त्या कंपनीच्या नावाने तिसऱ्याच देशातल्या बँकेत. म्हणजे फर्मच्या फाइलीत कंपनीचा जन्मदाखला मिळतो, पण बँक खात्याचे उतारे क्वचितच मिळतात. मनी लाँडरिंगमध्ये सिद्ध करायचा असतो तो पैशाचा प्रवास, आणि त्याची कागदपत्रे जिनिव्हा, नासाऊ किंवा साओ पावलोला असतात. ती परस्पर कायदेशीर सहकार्याच्या विनंतीने, प्रमाणित प्रतींसह, भाषांतर करून आणावी लागतात. त्यात वर्षे जातात, आणि विनंतीत खाते क्रमांक व व्यवहाराची तारीख नसेल तर समोरचा देश ती परत पाठवतो.

सीमेन्सचे उदाहरण घ्या, कारण ते याच खटल्यात होते. सरकारी पक्षाचा आरोप असा की सीमेन्सच्या माजी अधिकाऱ्यांनी लाचेसाठी ठेवलेला गुप्त निधी फर्मने बनवलेल्या कंपन्यांतून फिरला. सीमेन्सची लाचखोरी काल्पनिक नव्हती. डिसेंबर २००८ मध्ये कंपनीने अमेरिका आणि जर्मनीतली प्रकरणे मिटवताना मोजलेली एकूण रक्कम सुमारे १६० कोटी डॉलर होती. मूळ गुन्हा, म्हणजे ज्यातून बेकायदा पैसा आला तो, जगजाहीर. पण तेवढ्याने पनामातल्या एखाद्या कर्मचाऱ्याचा गुन्हा सिद्ध होत नाही. अमुक कंपनीच्या अमुक खात्यात आलेली अमुक रक्कम त्या निधीतलीच आहे, आणि खाते उघडून देणाऱ्याला ते त्या वेळी माहीत होते, हे दोन दुवे स्वतंत्रपणे जोडावे लागतात. २८ आरोपी असतील तर २८ वेळा.

‘माहीत होते’ हा दुवा सगळ्यात निसरडा. गळतीनंतर दोन महिन्यांनीही ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधल्या सुमारे २८,५०० चालू कंपन्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक कंपन्यांचे खरे मालक फर्मला सांगता येत नव्हते, असे २०१८ मध्ये फुटलेल्या दुसऱ्या कागदांतून दिसले. हेच अज्ञान नियामकासमोर दोष ठरते: व्हर्जिन आयलंड्सच्या वित्तीय आयोगाने नोव्हेंबर २०१६ मध्ये फर्मला ४,४०,००० डॉलर दंड केला. फौजदारी न्यायालयात मात्र तेच अज्ञान बचाव बनते. ‘आम्ही कंपन्या विकल्या, त्या चालवल्या नाहीत’ ही फर्मची भूमिका पहिल्यापासून होती. जाणूनबुजून डोळेझाक केली असे म्हणायचे तर इशारा मिळाल्याचा पुरावा लागतो: अनुपालन विभागाचा ईमेल, बँकेची विचारणा, वृत्तपत्रातले कात्रण फाइलीला लावलेले, आणि त्याखाली ‘चालू द्या’ असा शेरा. असे कागद असतील तर ते सर्व्हरवरच असणार, आणि सर्व्हरचा डेटा तर बाद. इथे पहिली चूक तिसऱ्या दुव्याला जाऊन भिडते.

पनामाच्या कायद्यातही एक खिंड होती. करचुकवेगिरी हा मनी लाँडरिंगचा मूळ गुन्हा पनामात २०१९ च्या कायदा क्रमांक ७० ने झाला, तोही वर्षाला ३ लाख डॉलरच्या वर. फर्म मार्च २०१८ मध्येच बंद झालेली. फौजदारी कायदा मागे जाऊन लागू करता येत नाही, त्यामुळे गळतीतला सर्वांत मोठा भाग, म्हणजे परदेशी लोकांनी आपापल्या देशांचा कर बुडवायला काढलेल्या कंपन्या, या खटल्याच्या कक्षेबाहेरच राहिला. जगाला ज्याचा राग होता ते पनामाच्या त्या वेळच्या कायद्यात मनी लाँडरिंगच नव्हते.

‘लावा जातो’चा भाग याहून वेगळा नाही. ब्राझीलमध्ये मार्च २०१४ मध्ये पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीच्या ठेक्यांवरून सुरू झालेला तो तपास जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे गळतीच्या बातम्यांच्याही आधी, फर्मच्या साओ पावलो कार्यालयापर्यंत पोचला. फेब्रुवारी २०१७ मध्ये दोन्ही संस्थापकांना अटक झाली ती याच धाग्यावर. पण लाच ब्राझीलमध्ये, कंपनी पनामाची, खाते तिसरीकडे, असा मार्ग असेल तर पनामाच्या वित्तव्यवस्थेत पैसा शिरला कुठे, हे रकमेसह दाखवावे लागते. ते दाखवता आले नाही. दोन प्रकरणे एकत्र केल्याने कागद वाढले. दुवे वाढले नाहीत.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण ती बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. पनामा सिटीत नवी फौजदारी प्रक्रिया, म्हणजे सरकारी वकील विरुद्ध बचाव पक्ष आणि मध्ये तटस्थ न्यायाधीश, २ सप्टेंबर २०१६ पासून सुरू झाली. छापा त्याआधी पाच महिन्यांचा. त्यामुळे खटला जुन्या पद्धतीने, जुनी प्रकरणे निकाली काढण्यासाठी ठेवलेल्या न्यायालयात चालला. छाप्यापासून निकालापर्यंत आठ वर्षे लागली.

तेच कागद दुसरीकडे

गळतीचे कागद निरुपयोगी होते असे यातून वाटेल, तर तसे नाही. डेन्मार्कने २०१६ मध्ये त्यांतला काही भाग विकत घेतला. जर्मनीच्या केंद्रीय पोलिसांनी २०१७ मध्ये सुमारे ५० लाख युरो मोजून डेटा घेतला. जगभरच्या सरकारांनी २०२१ पर्यंत कर व दंडापोटी १३६ कोटी डॉलर वसूल केले. कर अधिकाऱ्याला कागद दिशा दाखवायला पुरतो. तो करदात्याला नोटीस काढतो, करदाता बहुधा कबूल करून भरतो.

न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयातले प्रकरण जास्त बोलके आहे. तिथे डिसेंबर २०१८ मध्ये चौघांवर आरोप ठेवले गेले. त्यांपैकी फर्मचा एक ग्राहक आणि त्याचा अमेरिकी लेखापाल यांनी २०२० मध्ये गुन्हा कबूल केला. ग्राहकाला चार वर्षे, लेखापालाला ३९ महिने कैद झाली. आरोप अमेरिकी कर आणि परदेशी खात्यांच्या खोट्या घोषणांभोवती बांधलेले होते. खोटे विवरणपत्र सरकारच्याच दप्तरात, सहीनिशी. ते अस्सल आहे का, यावर वाद घालायला जागा नाही. मान्य, कबुली दिल्यामुळे गळतीच्या कागदांची कसोटी तिथे लागलीच नाही. पण खटला कुठे उभा करायचा याची निवड पनामापेक्षा शहाणपणाची होती: थोडे आरोपी, मूळ गुन्हा स्वतःच्या देशातला, कागद स्वतःच्या हातातला.

आपल्याकडे हा खटला चालला असता तर

गळतीत सुमारे ५०० भारतीय नावे होती आणि एप्रिल २०१६ मध्येच केंद्राने प्राप्तिकर, ईडी, रिझर्व्ह बँक आणि वित्तीय गुप्तवार्ता विभाग यांचा संयुक्त गट नेमला. इथला कायदा काही बाबतींत सरकारी पक्षाला अधिक अनुकूल आहे. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या (पीएमएलए) कलम २४ मुळे पैसा स्वच्छ असल्याचे दाखवण्याचा भार आरोपीवर येतो. पण तो आपोआप येत नाही. २७ जुलै २०२२ च्या विजय मदनलाल चौधरी निकालात सर्वोच्च न्यायालयाने कायदा जवळजवळ जसाच्या तसा उचलून धरला, तरी सांगितले की तीन पायाभूत तथ्ये आधी ईडीने दाखवायची: अनुसूचित (कायद्याच्या यादीतला) मूळ गुन्हा घडला, मालमत्ता त्यातून आली, आणि आरोपीचा त्या मालमत्तेशी संबंधित प्रक्रियेत सहभाग होता. मार्किनेस यांनी जे दुवे तुटलेले पाहिले ते हेच. मूळ गुन्ह्यात आरोपी सुटला तर लाँडरिंगचा खटलाही टिकत नाही, हेही त्याच निकालात आहे. परदेशी मालमत्तेवरचा कर जाणूनबुजून चुकवणे हा २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यातला गुन्हा पीएमएलएच्या अनुसूचीत आहे, म्हणजे पनामातली कराची खिंड इथे बरीचशी बुजवलेली आहे. तरी २०१५ च्या आधीच्या कृत्यांबाबत वाद राहतातच.

सुट्या कागदांबद्दल आपल्याकडचा धडा जुना आहे. राजकारण्यांना पैसे दिल्याच्या कथित नोंदी असलेल्या जैन हवाला डायऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९८ मध्ये ठरवले की सुटी पाने म्हणजे नियमित हिशेबाची वही नव्हे, आणि वहीतली नोंद असली तरी केवळ तेवढ्यावर कुणाला जबाबदार धरता येत नाही. स्वतंत्र दुजोरा लागतो.

आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यावरचा आजचा कायदा ठरला तो जालन्याच्या एका निवडणुकीवरून. २०१४ च्या विधानसभेत अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले. प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांनी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतल्याचे निवडणूक कार्यालयाच्या व्हिडिओवरून दाखवायचे ठरवले. व्हिडिओची सीडी मिळाली, पण तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रत कशी व कोणत्या उपकरणातून निघाली हे सांगणारे, प्रमाणपत्र कार्यालय देईना. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूळ उपकरणच कोर्टात आणले नाही, तर प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतेच. मात्र पक्षकाराने सगळे प्रयत्न करूनही ते मिळाले नाही तर त्याला त्याची शिक्षा होऊ नये. पनामाचा सर्व्हर मुंबईत असता तर वाद याच वाक्याभोवती फिरला असता, पण फरकाने: प्रत घेणारे तपास अधिकारीच, म्हणून ‘प्रयत्न केले, मिळाले नाही’ ही सबब त्यांना क्वचितच मिळते.

त्या प्रमाणपत्रात तोवर हॅशचा रकाना नव्हता. तो आला जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ सोबत, १ जुलै २०२४ पासून, म्हणजे पनामाच्या निकालानंतर तिसऱ्या दिवशी. योगायोगच. आता अनुसूचीतल्या नमुन्याचे दोन भाग आहेत: भाग ‘अ’ पक्षकाराने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. दोन्हींत हॅशचे मूल्य लिहायचे आणि एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी५ की अन्य, त्यावर खूण करायची. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या) कलम १०५ नुसार झडती-जप्तीचे चित्रीकरण करावे लागते. त्या चित्रीकरणाची फाइलही इलेक्ट्रॉनिक पुरावाच, तेव्हा तिचाही हॅश आणि तिचेही प्रमाणपत्र लागते, हे अनेकदा विसरले जाते.

नमुन्यात एक जागा मात्र सैल आहे. त्यावरची तारीख आणि वेळ सही करतानाची असते. हॅश केव्हा आणि कुठे काढला, जागेवर की लॅबमध्ये, हे तिथून कळत नाही. ते पंचनाम्यातच मिनिटासह लिहावे, आणि पडद्यावर ठसा दिसत असतानाचा फोटो पंचांच्या सहीने जोडावा.